सामूहिक वनहक्क: गावोगावून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

वनहक्काच्या कामात असल्यामुळे रोज कुठून ना कुठून विचारणा येते. कधी फोनवर, कधी बाजाराच्या दिवशी, कधी ग्रामसभा उठल्यावर चपला शोधता शोधता. बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातली असली तरी कायदा सगळ्या देशाला एकच आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सामूहिक वनहक्क म्हणजे नेमकं काय? वैयक्तिक दाव्यापेक्षा त्यात वेगळं काय असतं?

कायद्याचं पूर्ण नाव ‘अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६’. तो ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला, २००८ मध्ये नियम आले आणि २०१२ मध्ये नियमांत मोठी दुरुस्ती झाली. जुनी छापील पुस्तिका वापरत असाल तर ती २०१२ नंतरची आहे ना, हे आधी बघा.

दाव्याचे तीन नमुने आहेत. नमुना ‘अ’ वैयक्तिक: कुटुंब कसत असलेलं वनजमिनीवरचं शेत किंवा घर, प्रत्यक्ष ताब्याइतकं आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर. नमुना ‘ब’ गावाच्या वापराचा: निस्तार (घरगुती गरजेपुरता जंगलाचा वापर), गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून बांबू, तेंदू, मोह असं जंगलातून मिळणारं), मासे, पाणवठे, चराई. नमुना ‘क’ सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या सगळ्या जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क.

पुष्कळ गावं ‘ब’ भरून थांबतात. तसं करू नका. ‘ब’मुळे वेचायला मिळतं, पण कधी वेचायचं, कुठे थांबायचं आणि कोणता पट्टा पाच वर्षं बंद ठेवायचा हे ठरवण्याचा अधिकार ‘क’मुळे येतो. पुढची बहुतेक उत्तरं या ‘क’बद्दलच आहेत.

२. म्हणजे जंगल आमच्या मालकीचं होतं का? विकता येईल? कर्ज काढता येईल?

नाही. जमीन वनजमीनच राहते. हक्क वारसाने पुढच्या पिढीकडे जातो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. गौण वनोपजाची मालकी मात्र कायद्याने खरोखरच दिलेली आहे, त्यामुळे गोळा केलेला माल विकून आलेला पैसा तुमचाच.

३. आमच्या गावात आदिवासी घरं थोडीच आहेत. बाकीच्यांना हक्क मिळतो का?

मिळतो. कायदा दोघांसाठी आहे. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तिथे राहत आणि जंगलावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेच्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य आणि अवलंबन दाखवावं लागतं.

गोंधळ होतो तो इथे: ही ७५ वर्षं जमीन कसल्याची नव्हेत. गाव त्या जागी आहे आणि त्या जंगलावर जगत आलं आहे, एवढं दाखवायचं आहे. सामूहिक दाव्यात तर प्रत्येक कुटुंबाचा वेगळा इतिहास मागायचं कारणच नाही. मिश्र वस्तीच्या गावाने एकच दावा करावा. जातवार वेगळे दावे करायला कुणी सुचवलं तर ऐकू नका. जंगलाची हद्द घराघरांत वाटता येत नाही.

४. ग्रामपंचायतीने ठराव केला आहे. तो चालेल ना?

चालणार नाही. सगळ्यात जास्त दावे अडकलेले मी इथेच पाहिले आहेत. दावा ग्रामसभेचा असतो. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ स्त्री-पुरुष, निवडून आलेले सदस्य नव्हेत. गटग्रामपंचायतीत तीन-चार गावं असली तर प्रत्येक गावाची ग्रामसभा वेगळी.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित केलेल्या भागात, १९९६ चा पेसा कायदा (तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा) लागू आहे. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांचे काही भाग त्यात येतात आणि राज्याचे पेसा नियम २०१४ चे आहेत. तिथे पाडा, टोला किंवा वस्तीसुद्धा आपली स्वतंत्र ग्रामसभा घोषित करून घेऊ शकते. पाड्याचं जंगल, देव आणि पाणवठा वेगळा असेल तर ही खटपट जरूर करा. पेसा नसलेल्या गावांनाही वनहक्क कायदा पूर्ण लागू आहे, एवढंही लक्षात ठेवा.

५. वनहक्क समितीत किती लोक लागतात? आणि ग्रामसभेला अर्धं गाव जमतच नाही, मग काय करायचं?

गावाचे दावे तयार करणारी ही समिती १० ते १५ जणांची. किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. गावात आदिवासी नसतील तर महिलांची अट तेवढी पाळायची. निवड ग्रामसभेतच करायची.

ग्रामसभेचा कोरम निम्म्या सदस्यांचा आहे आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. दाव्यावर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे हजर पाहिजेत.

गाव जमत नाही याचं कारण बहुतेकदा वेळ असते. सकाळी अकराला सभा ठेवली तर येणार कोण? रात्री जेवणं झाल्यावर ठेवा, हंगाम सोडून ठेवा, देवळापुढे किंवा गोटुलाजवळ (गोंड गावातल्या एकत्र जमायच्या जागी) ठेवा. पहिली सभा कोरमअभावी तहकूब झाली तर तशी नोंद करून पुढची तारीख तिथेच जाहीर करा. घरोघरी फिरून सह्या गोळा करून कोरम दाखवू नका. पुढे कुणी तक्रार केली तर अख्खा दावा त्या एका पानावर पडतो.

६. आमच्याकडे एकही जुना कागद नाही. दावा कशाच्या आधारावर करायचा?

कागद नसतो असं फार क्वचित होतं. तो कुठे आहे हे माहीत नसतं. विदर्भातल्या गावांचं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज महसुली अभिलेखात सापडतात आणि सामूहिक दाव्याला त्यांच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही. कोणत्या गावाने कोणत्या जंगलातून काय घ्यायचं, गुरं कुठे चारायची, हे त्यांत लिहिलेलं असतं. बाकी ठिकाणी जमीन-महसूल बंदोबस्ताचे जुने अहवाल, गॅझेटिअर, जनगणना, वन विभागाच्या कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचे आराखडे) आणि जुने नकाशे बघा. उपविभागीय समितीने (ग्रामसभेनंतर दावा जिच्याकडे जातो ती सरकारी समिती) वन आणि महसूल नकाशे व मतदार यादी ग्रामसभेला पुरवायची आहे. तसं नियमातच आहे, म्हणून लेखी मागा आणि पोच घ्या.

आणि खरंच कागद नसला तरी नियम १३ मध्ये जमिनीवरच्या खुणा पुरावा म्हणून धरल्या आहेत: जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, ओसाड पडलेल्या वस्तीची जोती. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. यांतले एकाहून जास्त पुरावे जोडायचे. अमुकच कागद आणा, असा आग्रह समित्यांना धरता येत नाही.

एका गावात हद्द चालायला निघालो तेव्हा नकाशा घेतलेले आम्ही तिघं मागे आणि सत्तरी ओलांडलेली एक आजी पुढे. ओढ्याच्या वळणावर ती थांबली, काठी टेकवली आणि म्हणाली, “इथपत्तर आमचा देव, तिकडून त्यांचा.” आम्हाला काही दिसेना. तिने पायाने सागाची वाळली पानं बाजूला केली, खाली शेंदराचे थर चढलेला वीतभर दगड होता. तिथेच बसून तिचं म्हणणं लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला, दगडाचा फोटो काढला, जीपीएसचा बिंदू नोंदवला. हद्दीवरच्या अशा सगळ्या जागा पायी चालून आम्ही नकाशा केला. असं चालायला दोन-तीन दिवस लागतात आणि ते दिले पाहिजेत. ऑफिसात बसून वन विभागाच्या कंपार्टमेंट (जंगलाचे तुकडे) क्रमांकांवरून काढलेली हद्द पुढे भांडणं लावते.

जबाब दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा असावा असं नियम म्हणतो. म्हणून शेजारच्या गावातल्या एखाद्या वृद्धाचाही जबाब घ्या. प्रश्न ८ मधला वाद टाळायलाही तो उपयोगी पडतो.

७. पडताळणीला फॉरेस्टवाले येतच नाहीत. आम्ही किती वेळा थांबायचं?

वनहक्क समितीने तारीख लेखी कळवायची, पोच ठेवायची. कळवल्यानंतर वन आणि महसूल विभागाच्या कर्मचाऱ्यांनी हजर राहून कार्यवाहीवर सही करायची आहे; हरकत असेल तर तीही तिथेच लिहायची. ते आले नाहीत तर तुम्ही पडताळणी पूर्ण करा. ‘आमचा माणूस नव्हता’ असा आक्षेप नंतर आला तर प्रकरण फेरपडताळणीला ग्रामसभेकडे परत येतं आणि तेव्हाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून दोन्ही वेळच्या पत्रांच्या पोचपावत्या जपून ठेवा.

८. शेजारचं गाव म्हणतं हा डोंगर आमचा. आम्ही म्हणतो आमचा. आता?

दोन्ही गावं वापरत असतील तर दोघांचंही खरं असू शकतं. एकच जंगल दोन गावांच्या वापरात असणं कायद्याला मान्य आहे. दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून कोण काय, कधी वापरतं ते लिहायचं आणि आपापल्या ग्रामसभेला द्यायचं. मिटलंच नाही तर उपविभागीय समितीकडे जातं. पण तिथपर्यंत जाऊ देऊ नका. दोन गावांचे म्हातारे एका झाडाखाली बसवले की बराचसा वाद तिथेच सुटतो, कारण सोयरिकी दोन्हीकडे असतात. सामाईक पट्टा नकाशात वेगळ्या रंगाने दाखवा आणि दोन्ही ग्रामसभांचे ठराव दोन्ही दाव्यांना जोडा.

९. दावा देऊन तीन वर्षं झाली, काहीच उत्तर नाही. किंवा फेटाळला तर कुठे जायचं?

आधी फाइल कुठे आहे ते शोधा. ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे, असा तिचा प्रवास. ग्रामसभेच्या निर्णयावर नाराज असणाऱ्याला ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रासाठी जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय समितीकडे अपील करायची वाट उघडली आहे.

दोन गोष्टी ठामपणे सांगा. एक, दावा अपुरा वाटला तर वरच्या समितीने तो परस्पर फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा. दोन, निर्णय लेखी आणि कारणांसह हवा. ज्या गावाचा सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मान्य झालेला नाही, तिथे तो का झाला नाही याची कारणं जिल्हा समितीच्या सचिवाने नोंदवायची आहेत. ती कारणं माहिती अधिकारात मागून घ्या.

फेटाळलेल्या दावेदारांना हुसकावतील का, असंही घाबरून विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ ला तसा आदेश दिला होता आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. शिवाय मान्यतेची आणि पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कुणालाही काढता येत नाही, असं कायद्याचं कलम ४(५) सांगतं.

१०. हक्कपत्र मिळालं, फोटो झाले. आता पुढे काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो आणि तो सगळ्यात कमी गावं विचारतात. हक्कपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे, जंगल मात्र तसंच वाऱ्यावर.

पहिलं काम: नियम ४(१)(ङ) खालची समिती ग्रामसभेतून नेमा. ही वनहक्क समितीपेक्षा वेगळी. दावे तयार करणं हे वनहक्क समितीचं काम. जंगल राखणं आणि आराखडा करणं या समितीचं.

दुसरं काम आराखडा. जाडजूड दस्तऐवज डोळ्यांपुढे आणू नका. जंगलाचे तुम्ही म्हणता त्याच नावांनी तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात काय आहे, काय कमी झालंय, रोपं उगवतात का, पाणी कधीपर्यंत टिकतं, ते लिहा. मग कुठे काय करायचं आणि काय करायचं नाही ते ठरवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपत्त्याची (विडीच्या पानांची) तोडणी बंद करायचं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आगी लागतात. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, चर्चा करून ठरवलं. तुमच्या गावाने वेगळं ठरवलं तरी चालेल, पण ठरवलेलं असलं पाहिजे.

वन विभागाच्या कार्य आयोजनेत हा आराखडा समाविष्ट करायचा आहे आणि तसं करताना बदल कोणते, हे तुमची समिती ठरवणार.

११. गावात आधीपासून संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे. तिचं काय?

संयुक्त वन व्यवस्थापन १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकातून सुरू झालं. त्यात वन विभाग निर्णय घेतो आणि गावाला वाटा देतो. सामूहिक वनहक्कात निर्णय ग्रामसभेचा आहे. एकाच जंगलावर दोन्ही चालू ठेवले की कोणाचं ऐकायचं हा रोजचा वाद होतो, म्हणून जुन्या समितीचा हिशोब घेऊन तिचं काम प्रश्न १० मधल्या समितीकडे सोपवण्याचा ठराव करा. जुन्या समितीत चांगली काम केलेली माणसं असतात. त्यांना नव्या समितीत घ्या.

१२. तेंदूपत्ता कंत्राटदाराला द्यावा का? फसवणूक होईल अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे. तेंदूत पैसा मोठा असतो आणि तो दोन-तीन आठवड्यांत हातात येतो, म्हणून घाईही होते.

आधी मोजणी समजून घ्या. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि असे १००० पुडे म्हणजे एक प्रमाणित गोणी. पहाटे पानं तोडून आणायची, दुपारभर ओसरीत बसून घरातल्या सगळ्यांनी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर (पुडे मोजून घेण्याच्या जागी) न्यायचे. फळीवर पुडे ओळीने उन्हात मांडतात. तिथे मोजणाऱ्याचा हात महत्त्वाचा. ‘शंभराला दोन जास्त’ किंवा ‘हे पुडे बारीक, अर्धे धरू’ असं करत बाईची दिवसाची कमाई कापली जाते. म्हणून मोजणीला ग्रामसभेचा माणूस, शक्यतो गावातली लिहिता-वाचता येणारी मुलगी, रोज बसलीच पाहिजे. कंत्राटदाराच्या मुन्शीची वही वेगळी आणि ग्रामसभेची वही वेगळी. संध्याकाळी दोन्हींचा ताळा करून सह्या.

करारात मजुरीचा दर आणि ग्रामसभेला मिळणारी रॉयल्टी वेगवेगळी लिहा. अनामत आधी घ्या. आणि पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय गोणी गोदामातून हलू देऊ नका. हे एवढं एक कलम पाळलं असतं तर आज थकबाकीसाठी फेऱ्या मारणारी कितीतरी गावं वाचली असती. माझ्या ओळखीच्या एका गावाने कंत्राटदाराच्या शब्दावर ट्रक जाऊ दिले. पुढच्या वर्षीचा हंगाम आला तरी मागचे पैसे आले नव्हते. बायकांनी उन्हात तोडलेली पानं होती ती.

एकट्या गावाची गोणी कमी पडते म्हणून भाव पडतो. शेजारच्या दहा-वीस ग्रामसभांनी मिळून लिलाव केला तर व्यापारी जास्त येतात. गडचिरोलीत कोरचीसारख्या ठिकाणी ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी करून हे केलं आहे.

१३. बांबू आमचा म्हणता, मग वाहतूक परवाना वन विभागाकडून का घ्यायचा?

घ्यायचा नाही. कलम २ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट लिहिला आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात मात्र तो ‘झाड’ होता आणि वादाचं मूळ तिथे होतं. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायला परवाना मिळेना. गाव अडून बसलं. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१२ च्या नियम दुरुस्तीत हेच सगळ्या देशासाठी आलं: परवाना प्रश्न १० मधली समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल आणि गौण वनोपजावर सरकारला रॉयल्टी किंवा शुल्क द्यावं लागणार नाही.

परवान्यावर हक्कपत्राचा क्रमांक, मालाची मोजणी, गाडीचा क्रमांक, कुठून कुठे, तारीख आणि ग्रामसभेचा शिक्का असावा. कार्बन प्रत पुस्तकात ठेवा. नाक्यावर गाडी अडवली तर ही कार्बन प्रतच कामी येते.

तोडीबद्दल एक कळकळीची सूचना. बेटाचे नवे कोंब बाहेरच्या कडेने येतात, म्हणून तोड आतून करायची. पण आत शिरायला त्रास होतो आणि मजुरी नगाप्रमाणे असते, म्हणून लोक कडेचे कोवळे बांबू कापतात. दोन-तीन वर्षांत बेट घुसमटतं, बांबू बारीक आणि वाकडे होतात. तीन वर्षांखालचा बांबू कापायचा नाही, पावसाळ्यात तोड बंद आणि बेट कधीही पूर्ण रिकामं करायचं नाही. वास्ते (कोवळे कोंब) खायला काढायचे तेही ठरवून, सगळ्या बेटांतून नव्हे.

१४. मोहफुलांसाठी झाडाखाली आग लावावीच लागते. ग्रामसभेने ती बंद करायची का?

मोह पहाटे पडतो. पाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून झाडाखाली जाळून जागा साफ करतात आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन बसतात. आग लावणारी बाई झाडाची वैरीण नसते. तिला दुसरा उपाय दिलेला नसतो, एवढंच. पण एक काडी विझली नाही तर अख्खा डोंगर जातो आणि त्या वर्षी उगवलेली मोहाचीच रोपं सगळ्यात आधी जळतात.

नुसता दंड ठरवून हे थांबत नाही. पाचोळा झाडून बाजूला ओढायचा, जुन्या साड्या जोडून किंवा जाळी बांधून फुलं वरच झेलायची, हे दोन्ही चालतं. जाळीचा खर्च ग्रामसभेने उचलावा. फुलांत माती येत नाही, त्यामुळे भावही बरा मिळतो. मग दंड ठेवला तर लोकांना तो पटतो. सोबत फेब्रुवारीत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) आणि मार्च-एप्रिलमध्ये आळीपाळीने राखण, हे आराखड्यात लिहा.

१५. घरासाठी लाकूड तोडता येईल का?

विक्रीसाठी इमारती लाकूड गौण वनोपजात येत नाही, त्यामुळे सामूहिक हक्कात ते नाही. घरवापराचं जळण आणि बांधकामाला लागणारं लाकूड तुमच्या निस्तार हक्कांत नोंदलेलं असेल तर तेवढं मिळतं, म्हणून नमुना ‘ब’ भरताना ते विसरू नका.

१६. जंगलातून शाळेला रस्ता किंवा पाण्याची पाइपलाइन न्यायची आहे. परवानगी कोण देतं?

कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, तलाव, पिण्याच्या पाण्याची वाहिनी अशा १३ सुविधा आहेत. प्रत्येकीसाठी १ हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. ग्रामसभेची शिफारस लागते. हे हक्कपत्राशिवायही करता येतं.

१७. पैसा कुठे ठेवायचा? हिशोबावरून गावात फूट पडतेय.

ग्रामसभेचं स्वतंत्र बँक खातं, ग्रामपंचायतीच्या खात्यात मिसळलेलं नको. सह्या किमान दोघांच्या, त्यात एक महिला. पॅन काढा, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्या.

मजुरी वेचणाऱ्याच्या किंवा वेचणारीच्या खात्यात जावी. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खात्यात नको. हंगामात उन्हात जाणारी बहुतेक बाई असते. रॉयल्टीतून किती जंगलकामावर, किती गावनिधीत आणि किती घरवाटपात, हे हंगामाआधी ठरवा. पैसा आल्यावर ठरवायला बसलं की भांडण ठरलेलंच. आणि दर महिन्याचा जमाखर्च समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने लिहा. वाचता न येणारी माणसंसुद्धा नातवाला सोबत नेऊन वाचून घेतात, हे मी पाहिलं आहे.

१८. आमचं जंगल अभयारण्यात गेलंय. तिथे हे हक्क लागू आहेत का?

हो. सामूहिक वनसंसाधनाच्या व्याख्येत अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही येतं. आधी हक्कांची मान्यता पूर्ण व्हायला हवी. त्यानंतरच, तेही कायद्यातल्या अटी पाळून आणि ग्रामसभेची लेखी, समजून-उमजून दिलेली संमती घेऊनच पुनर्वसनाचा विचार होऊ शकतो. ‘आधी गाव हलवू, हक्कांचं नंतर बघू’ असं कुणी म्हणालं तर ते कायद्याला धरून नाही.

१९. गावाशेजारी खाण येणार म्हणतात. ग्रामसभा नाही म्हणू शकते?

म्हणू शकते आणि तिचं म्हणणं मानलं गेल्याचं उदाहरण आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये वनहक्कांचा प्रश्न तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितलं. १२ ग्रामसभा झाल्या, बाराही ठिकाणी नकार आला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खाणीला मंजुरी नाकारली. पण हक्क नोंदलेला असला तर हात बळकट असतो. प्रकल्पाची कुणकुण लागल्यावर दावा करायला धावण्यापेक्षा आधीच करून ठेवा.

२०. उन्हाळ्यात बाहेरचे मेंढपाळ आमच्या जंगलात येतात. आता हक्क आमचा, मग त्यांना हाकलायचं का?

हक्कपत्र हातात आल्यावर पुष्कळ गावांना पहिल्यांदा हेच सुचतं आणि हे मला मनापासून खटकतं. ज्या कलमाने तुम्हाला चराई दिली त्याच कलमात भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापरही लिहिला आहे. ते वर्षानुवर्षं त्याच वाटेने येत असतील तर तोही पारंपरिक हक्क आहे. त्यांचे दावे ते हजर असतील त्या काळातच तपासायचे, असंही नियमात आहे.

तुम्ही नियमन जरूर करू शकता: कोणत्या पट्ट्यात यायचं, रोपवनात नाही, किती दिवस, झाडांच्या फांद्या तोडायच्या नाहीत. त्यांच्या मुखियाला बसवून हे ठरवा आणि लिहून ठेवा.

२१. आमच्याच गावातला माणूस नवीन जंगल तोडून शेत काढतोय. कोण बोलणार त्याला?

ग्रामसभाच. कलम ५ ने जंगल आणि जैवविविधता राखण्याची जबाबदारी ग्रामसभेवर टाकली आहे आणि १३ डिसेंबर २००५ नंतरच्या ताब्याला वैयक्तिक हक्क मिळत नाही. तरी आधी त्याच्या घरी जा. दोन भावांत वाटण्या होऊन जमीन उरली नाही, हे कारण असलं तर गावातलं काम, पडीक जमीन किंवा जंगलकामाची मजुरी यांतून काही देता येतं का बघा. ऐकलंच नाही तर ठराव करून वन विभागाला लेखी कळवा. नात्यातला म्हणून सोडलं तर पुढच्या वर्षी तसे पाच जण असतील.

२२. हक्कपत्रात क्षेत्र कमी दाखवलंय आणि खाली भलत्याच अटी लिहिल्यात. सही करून घेऊ का?

घ्या, पण त्याच दिवशी लेखी हरकत द्या. मिळालेला कागद परत करू नका.

हातात आल्या आल्या या गोष्टी तपासा. हक्क ग्रामसभेच्या नावे आहे ना, की चुकून ग्रामपंचायतीच्या किंवा प्रश्न ११ मधल्या समितीच्या नावे? तुम्ही दावा नमुना ‘क’मध्ये केला असेल तर हक्कपत्रही सामूहिक वनसंसाधनाचंच आहे ना, की फक्त वापराचं? क्षेत्र आणि चतुःसीमा तुमच्या नकाशाशी जुळतात का? ‘वन विभागाच्या पूर्वपरवानगीने’ किंवा ‘कार्य आयोजनेच्या अधीन राहून’ अशी वाक्यं घुसडली आहेत का? कायद्यात नसलेली अट हक्कपत्रात घालता येत नाही.

चूक असेल तर ग्रामसभेचा ठराव, मूळ दाव्याची प्रत आणि नकाशा जोडून जिल्हा समितीकडे दुरुस्ती मागा. अंतिम नकाशा करून महसूल आणि वन अभिलेखांत नोंद करण्याचं काम विभागांचं आहे, तेव्हा ती नोंद झाल्याची प्रतही मागून घ्या. मूळ हक्कपत्र गावात एकाच ठिकाणी, पण त्याच्या साक्षांकित प्रती किमान चार घरांत ठेवा. एका गावाचा कागद पुरात भिजला तेव्हा शिक्षिकेच्या घरी ठेवलेली प्रतच उरली होती.